चेअरमनच्या टेबलासमोरचा डाग

"मशीनचं नंतर सांगा. पाणी किती लागंल ते आधी सांगा," चेअरमन म्हणाले.

गेवराईच्या एका पतसंस्थेची केबिन. खिडकीखाली टँकर उभा, त्याच्याभोवती हंडे-घागरी आणि बायकांची भांडणं. असल्या दुष्काळात मी गालिचे साफ करायचा धंदा घेऊन आलो होतो. ज्याला सांगावं तो हसायचा. "प्यायला न्हाई, अन् हे गालिचे धुतंय!"

"दोन तांबे," मी म्हणालो.

"चेष्टा लावली का?"

चेष्टा नव्हती. पुण्यात मी हॉटेलांची कार्पेटं करायचो. तिथं तीन जातीची मशीनं पाहिली. एक पाणी मारून पुन्हा ओढून घेणारं. काम झकास, पण ड्रमचे ड्रम पाणी पितं. दुसरं रोटरी, म्हणजे गरगर फिरणाऱ्या ब्रशचं. हात जरा ढिला पडला की चालवणाऱ्यालाच ओढत नेतं, आणि कार्पेट भिजवावं लागतं ते लागतंच. तिसरं ऑसिलेटिंग. याच्या खालचं पॅड जागच्या जागी बारीक थरथरतं आणि मळ स्वतःवर पुसून घेतं. त्याला नुसता ओलावा पुरतो. म्हणून तेच घेतलं, सेकंडहँड, आणि गावाकडं आलो.

बायको, सुनंदा, आणि मुलगी गुड्डी पुण्यातच राहिल्या, मेव्हण्याकडं. काम बसलं की त्या येणार, असं मी धरून चाललो होतो. चेअरमनचा शब्द होता की ही केबिन नव्यासारखी दिसली तर मुख्य कचेरीचं आणि सगळ्या शाखांचं वर्षाचं काम माझं. एवढ्यावर माझं घर अडलं होतं. दोन खोल्या भाड्यानं घेऊन ठेवल्या होत्या. त्यातली एक मी उघडतच नव्हतो.

ट्रायललाच मशीननं तोंडघशी पाडलं. हॉटेलातलं कार्पेट चपटं असतं, इथला गालिचा लोकरीचा, दाट. हलकं मशीन त्याच्यावर नुसतं नाचायला लागलं. उचललं आणि मोटार वाइंडिंगवाल्या सलीमभाईंकडं नेलं.

"वजन घालू," सलीमभाई म्हणाले. "पण बराबर मधी. एका बाजूला गेलं, तर हे मशीन तुम्हाला घेऊन तलवाड्याला जाईल."

त्यांनी लोखंडाच्या दोन प्लेटा मोटारीच्या दोन्ही अंगाला तोलून बसवल्या. वजन वाढलं की मोटार तापते, म्हणून थांबत थांबत चालवायचं ठरलं. कंपनीचं पॅड परवडेना, तर जाड टॉवेलाची पॅडं शिवून घेतली. ओलावा मारायला कपाशीच्या फवारणी पंपाचं कोरं नोझल लावलं. त्यातून पाणी इतकं बारीक उडायचं की हात लावला तरच कळावं.

रविवारी कचेरी बंद, तेव्हा काम. या धंद्यात माणूस भेटत नाही. लोक गेले की आपण जायचं, लोक यायच्या आत निघायचं. मग मशीनशी बोलायची सवय लागते. मी तर भांडायचो.

आधी कोरडी धूळ ओढून घेतली, नाहीतर आपल्याकडच्या काळ्या मातीचा तिथंच चिखल होतो. मग फवारा, मग मशीन. गालिच्याचा मरून रंग असा काही वर आला की मला ओरडून कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. दाखवणार कुणाला? भिंतीवरच्या घड्याळाला?

फक्त टेबलासमोर फिकट डागांची दोन चकंदळं राहिली, शेजारी शेजारी. कडक पॅड लावलं, वजनावर मी स्वतः रेललो. ती आणखीच फिकट झाली.

सोमवारी चेअरमननं नेमकं तेच पाहिलं. "हे काय ठिवलंत?"

मी तोंड उघडणार तोच त्यांना फोन आला. फोन लांबला. मी टेबलासमोर उभा. सोफा होता, पण तो भिंतीकडं, संचालकांसाठी. या पायावरून त्या पायावर भार घेत राहिलो. सहज खाली पाहिलं, तर माझे दोन पाय बरोब्बर त्या दोन चकंदळांत.

फोन संपल्यावर म्हणालो, "साहेब, हा मळ नाही, झीज आहे. मळ निघतो. इथं लोकरच उरली नाही. इथं माणसं उभी राहतात."

"मंग? कर्ज मागायला येत्यात, पंगतीला न्हाई."

"इथं खुर्ची ठेवा. झीज दिसणार नाही आणि वाढणारही नाही."

खरं सांगतो, मी गालिच्यापुरतंच बोललो होतो. चेअरमननं टेबलावरून वाकून ती चकंदळं पाहिली. काम गेलं, असं मी धरूनच चाललो. मग ते हसायला लागले. "गालिच्यासाठी खुर्ची! ठिवा रं खुर्ची!" शिपाई दगडूमामांनी आणून ठेवली. वर्षाचं काम मला मिळालं.

संध्याकाळी सुनंदाला फोन केला. "काम मिळालं."

"बरं झालं."

"दोन खोल्या आहेत. गॅसही आलाय."

"बरं."

फोन ठेवला आणि माझा संताप झाला. इतकी धडपड केली, आणि बाईसाहेब नुसतं 'बरं' म्हणतात! बंद खोली उघडली, झाडली, परत कडी लावली. पुढं कित्येक दिवस एकट्याचं पिठलं आणि एकट्याचा रेडिओ.

काही महिन्यांनी त्याच केबिनची पुन्हा पाळी आली. खुर्ची जागेवर होती. पण तिच्या शेजारी लोकर दबायला लागली होती, दोन ठिकाणी.

"मामा, खुर्चीवर कुणी बसत नाही का?" कुलूप लावायला आलेल्या दगडूमामांना मी विचारलं.

"न्हाई. बाजूला उभं राहत्यात."

"का बरं? रिकामीच असते ना?"

दगडूमामांनी माझ्याकडं खुळ्याकडं बघावं तसं पाहिलं. "रिकामी असली म्हनून काय झालं? बसा म्हनावं लागतं की. न म्हनता कोन बसतंय, मालक?"

मी मशीन बंद केलं. तिथूनच फोन लावला.

"सुनंदा, ये."

"काय म्हणालात?"

"ये म्हणतोय. गुड्डीला घेऊन ये. मला इथं एकट्याला करमत नाही."

ती म्हणाली, "खोल्या सांगितल्या, गॅस सांगितला. हेच तेवढं सांगत नव्हता." आणि रडायला लागली.

गुड्डीची परीक्षा झाल्यावर दोघी आल्या.

खुर्चीवर मात्र कुणी बसेना. शेजारची झीज वाढत चालली, तेव्हा मी धीर करून चेअरमनना म्हणालो, "साहेब, आलेल्या माणसाला नुसतं बसा म्हणत जा."

"तुमी गालिच्याचं बघा," ते म्हणाले.

मी गालिच्याचंच बघत होतो.