महादेवचा गाळलेला नमुना

महादेव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ग्रामीण रुग्णालयात एका आजीच्या पायाची जखम धूत होते. फोन इम्रानचा होता, आमच्या वर्गमित्राचा. "अश्विनी, महादेव गेला गं. सकाळीच. हृदयाची झडप पार खराब झालती म्हणे, ऑपरेशनपर्यंत पोचलाच न्हाई." एवढं सांगून त्याने फोन ठेवला. जवळचं माणूस गेलं की आधी दुःख होतं असं मी समजत होते. मला आधी भीती वाटली. इतकी, की हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवताना खडखडला आणि आजी म्हणाली, "काय झालं गं बाई, पाय कापावा लागतोय का माझा?" मी तिला नाही म्हणाले, पट्टी बांधली आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. महादेवला काय झालंय हे पुण्यातल्या डॉक्टरांना शेवटच्या चार दिवसांत कळलं. मला ते दोन वर्षांपासून माहीत होतं.

आम्ही दोघं एमबीबीएसला एकाच वर्गात, रोल नंबर लागोपाठ. त्यामुळे शवविच्छेदनाच्या टेबलापासून तोंडी परीक्षेपर्यंत आमची जोडी ठरलेली. त्याचं गाव आष्टी तालुक्यात, कड्याच्या पुढं, पण घरची माणसं गावात सापडायची ती पावसाळ्यापुरती. बाकीचं वर्ष मेंढरांमागं. हॉस्टेलवर मुलं त्याला चिडवायची, अंगाला मेंढ्यांचा वास येतो म्हणायची. तो हसून म्हणायचा, "बस बे इथं, तुझीबी लोकर काढतो." मी जन्मजात भित्री. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी मी दाराची कडी धरून उभी होते, तेव्हा हाच मागून म्हणाला, "मेलेल्याला कावून भ्यायचं? ते काय उठून तुला प्रश्न इचारतंय का?" त्या दिवसापासून मी त्याच्या मागं उभी राहायला लागले, ती पाच वर्षं तशीच उभी राहिले. तो घाबरत नाही, या एका गोष्टीवर माझं सगळं शिक्षण पार पडलं म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आरोग्य संशोधन परिषद जाहीर केली. बाकीच्यांनी मोबाईलचा वापर आणि झोप, परीक्षेचा ताण असे वसतिगृहात बसून उरकणारे विषय घेतले. महादेवने आधीच ठरवलं होतं. त्याच्या चुलत्याला कित्येक वर्षं राहून राहून ताप यायचा, कंबर धरायची, घामाने अंथरूण भिजायचं, आणि प्रत्येक दवाखान्यात टायफॉइड म्हणून सलाईन लागायचं. शेवटी आमच्या सरांनीच त्याचं रक्त तपासून नाव सांगितलं : ब्रुसेलोसिस. शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला होणारा आजार. कच्चं दूध प्यायलं, व्यायला आलेल्या मेंढीचं बाळंतपण हाताने केलं, की जंतू अंगात जातात आणि वर्षानुवर्षं दबा धरून बसतात. आमचा प्रकल्प सोपा होता. मेंढपाळ घरांतल्या माणसांचं रक्त एका बाजूला, जनावरांशी संबंध नसलेल्यांचं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची तुलना. "एकदा का हे विद्यापीठात मांडलं ना," तो म्हणायचा, "मंग आमच्या लोकास्नी कुणी उगं सलाईन लावणार न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे शेतात जाळी लावून मेंढ्या बसवलेल्या असतात ती जागा. महादेव त्याच्या वडिलांना, तात्यांना, फॉर्ममधले प्रश्न विचारत होता आणि तेवढ्यात एक मेंढी व्यायली. कोकरू हलेना. मी काही विचारायच्या आत महादेव पेन टाकून पळाला, बोटाने कोकराच्या तोंडातला चिकटा काढला, त्याच्या नाकावर आपलं तोंड ठेवलं आणि फुंकर मारली. दोनदा, तीनदा. कोकरू शिंकलं. मग सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसून हा परत आला आणि शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, "मेंढ्यांचं बाळंतपण हाताने करता का?" तात्यांनी "करतो की" म्हणून सांगितलं. मला हसू आवरेना. आता त्या हसण्याची मला शिसारी येते.

कॉलेजात परतल्यावर दुसऱ्या बाजूचे, म्हणजे जनावरांशी संबंध नसलेल्यांचे नमुने थोडे कमी पडले. महादेवने बाही वर केली. "माझं घे." मी रक्त काढलं आणि त्याने स्वतःच्या हाताने फॉर्म भरला. व्यवसाय : विद्यार्थी. जनावरांशी संबंध : नाही. त्यात लबाडी अजिबात नव्हती. अंगावर पांढरा कोट चढल्यापासून तो स्वतःला टेबलाच्या अलीकडचा समजायचा, मेंढपाळ पलीकडे. आणि मी, जिने महिन्याभरापूर्वी त्याला कोकराच्या नाकाला तोंड लावताना पाहिलं होतं, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

ती चाचणी अगदी साधी असते. काचपट्टीवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्यात गुलाबी द्रवाचा एक थेंब, चार मिनिटं हलवायचं. गुलाबी रंग सारखा राहिला तर आजाराची खूण नाही. रवाळ झाला, बारीक गुठळ्या दिसल्या तर आहे. महादेवच्या थेंबात पहिल्याच मिनिटात रवे दिसले. आम्ही परत केली. परत तेच. "किट जुनं असंल," तो म्हणाला. किट त्याच आठवड्यात आलेलं होतं, आणि फोडलंही त्यानेच होतं. "मग सरांना दाखवू या," मी म्हणाले. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं ते पान आलेलं दिसत होतं... सांधे, मणका, आणि क्वचित हृदयाची झडप. ते पान आम्ही दोघांनी एकत्रच पाठ केलं होतं. "परवा पोस्टर छापायला जायचंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तक्त्यातली माझी ओळ काढ अश्विनी. परिषद झाली की बघतो मी." मी ओळ काढली. सगळा निष्कर्ष बिघडेल, सर रागावतील, अशी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण एवढंच, की तो घाबरलाय हे मला सहन होईना, आणि ती ओळ गेली की तो पुन्हा पहिल्यासारखा होईल असं मला वाटलं.

परिषदेच्या दिवशी विद्यापीठाच्या त्या मोठ्या सभागृहात पोस्टरांच्या रांगा लागल्या होत्या. नर्सिंगच्या मुली, दंतवैद्यकाची मुलं, सगळे आपापलं भाषण पुटपुटत उभे. महादेवने इम्रानचा टाय घातला होता आणि तो सारखा सैल करत होता. परीक्षक बाई आमच्यासमोर आल्या, तक्त्यावरून बोट फिरवत थांबल्या आणि म्हणाल्या, "वर लिहिलेल्या आकड्यापेक्षा या गटात एक माणूस कमी कसा?" महादेव म्हणाला, "मॅडम, तो नमुना खराब झाला होता." बाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि पुढं गेल्या. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परतीच्या बसमध्ये बीड जवळ आल्यावर तो म्हणाला, "मी चुकीच्या गटात बसलो गं." मी म्हणाले, "तपासून घे ना परत." "घेतो की." त्यानंतर हा विषय आम्ही काढला नाही. कधी संध्याकाळी त्याचं अंग गरम लागायचं, कधी वॉर्डात राउंड चालू असताना तो कंबर धरून भिंतीला टेकायचा. मी बघायचे आणि नजर दुसरीकडं वळवायचे.

शेवटचं बोलणं तो जायच्या तीन आठवडे आधीचं. ताप उतरत नाही, जिना चढताना धाप लागते, म्हणाला. "टायफॉइड असंल." त्याच्या चुलत्याला प्रत्येक दवाखान्यात सांगितलेला तोच शब्द. मी एवढंच म्हणाले, "ते... ते एकदा बघ ना." "कुठलं ते?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं. मी म्हणाले, "सगळंच बघ." आजाराचं नाव मी घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर दोन वर्षांचं गप्प बसणंही उघडं पडलं असतं. तीन आठवडे लवकर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता की नाही, हे आज कुणीच छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मला मात्र रोज वाटतं की वाचला असता.

तेराव्यानंतर मी कड्याच्या पुढं त्यांच्याकडं गेले. निघताना दोनदा गाडीतून उतरले. महादेवची आई, मी त्यांना मावशी म्हणते, दारात बसल्या होत्या. मी पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं. "मावशी, दोन वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात हा आजार दिसला होता. मला माहीत होतं. आम्ही दोघांनी ते झाकलं." मला वाटलं त्या रडतील, मला हाकलतील. त्यांनी विचारलं, "भ्यालता का त्यो?"

"हो."

"अन् तू?"

"मीपण."

मावशी म्हणाल्या, "दोघातल्या एकानं तरी मला सांगायचं व्हतं. म्या न्हाई भ्याले असते." तेवढं बोलून त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि हात पुढं केला. "घे माझं रगत. समद्यांचं घे. अन् काय निघंल ते मला सांग, कागदाला नगं." मला शीर दुसऱ्यांदा टोचावी लागली. त्यांनी हात तसाच पुढं धरून ठेवला.

तात्यांचं आणि महादेवच्या धाकट्या बहिणीचं रक्त स्वच्छ निघालं. मावशींचा थेंब रवाळ झाला. मी काचपट्टी हातात धरून प्रयोगशाळेत उभी होते, आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार जुनाच आला... परत करून बघू, उद्या सांगू. पण मी त्याच पावली बाहेर येऊन फोन लावला आणि आजाराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. सहा आठवडे गोळ्या, एकही चुकवायची नाही. "बरं," त्या म्हणाल्या.

मावशींना स्वतःचा फोन नाही. त्या महादेवचा वापरतात, आणि त्या नंबरावरचं नाव मी बदललेलं नाही. संध्याकाळची गोळी घेतली की त्या मला कळवतात. पडद्यावर 'महादेव' उमटतं. रोज क्षणभर वाटतं, त्याला ताप आलाय, धाप लागलीय, आणि या वेळी मी नाव घेऊन सांगणार आहे... मी फोन उचलते.

"घेतली गं," मावशी म्हणतात.