घोरणाऱ्या बैलाची पीएचडी

आमच्या लॅबमध्ये काचेच्या टाकीत एकच गोगलगाय सोडली, तरी काही दिवसांत टाकी भरून जायची. तिला जोडीदार लागत नाही. नर तीच, मादी तीच. किस्स्यांचंही तसंच. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पोटातून चार निघतात. मी पीएचडी अर्धवट सोडली, आता अंबडला एका कारखान्यात शिफ्ट करतो, आणि इंदिरानगरातले समस्त काका अजून विचारतात, "अरे, एवढं चांगलं चाललं होतं, सोडलंस का?"

काका, बसा. चहा घ्या. सांगतो.

* * *

माझा विषय होता बैलाच्या नाकातला कृमी. हा नाकाच्या शिरांमध्ये राहतो आणि बैल घोरायला लागतो. जागेपणी! शेंबडातून अंडी तळ्यात पडतात, अंड्यातून निघालेली पिल्लं गोगलगायीत शिरतात, तिथं वाढतात, शेपूट घेऊन परत पाण्यात येतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या बैलाच्या कातडीतून आत घुसतात. औषध आहे. पण कृमी आता त्या औषधाला दाद देईनासा झालाय का, हे मला शोधायचं होतं.

एवढं सगळं मी मोठ्या काकांना नीट समजावलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"म्हणजे तू बैलाचा शेंबूड बघतोस?"

"हो."

"आणि त्याला एमएस्सी लागते?"

* * *

गोगलगायींना आम्ही कोबीची पानं घालायचो. एकदा सरांनी येता येता बाजारातून स्वतः कोबी आणला. "बघा, मी गाईड असूनही ही कामं करतो!" दुसऱ्या दिवशी टाकीत एकही गोगलगाय जिवंत नाही. सरांनी रजिस्टरमध्ये नोंद केली, 'हवामानातील बदलामुळे मृत्यू'.

मी उरलेला कोबी घेऊन भाजीवाल्या मावशींकडे गेलो. त्यांचा मळा गावाबाहेरच होता. म्हटलं, "मावशी, ह्याच्यावर काही मारलंय का?"

"मारल्याशिवाय येतो का कोबी? कोणाला काय झालं?"

"आमच्या गोगलगायी मेल्या."

मावशी हळहळल्या. "अरे बाबा, गोगलगायींना पाहिजे म्हणून आधी नाही का सांगायचं! घरी खायला आमची वेगळी ओळ असते, तिच्यावर काही मारत नाही. त्यातला देते."

तेव्हापासून आमच्या गोगलगायी बिनफवारणीचा कोबी खायच्या, आणि सर बाजारातला.

* * *

लॅबमध्ये खरं काम एकाच माणसाला यायचं. शिपाई बाळूमामा, सिन्नरचे, सातवी पास. गोगलगायीवर सकाळचं ऊन पडलं की तिच्यातून ती शेपटीवाली पिल्लं बाहेर पडतात. बाळूमामा आठलाच बीकर खिडकीत मांडून ठेवायचे. सर अकराला यायचे.

एकदा कॉलेजचे पाहुणे आले होते. सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि सुरूच झाले. "अहाहा! काय हालचाल आहे! ती वाकडी शेपूट बघा, कशी फडफडतेय! किती चपळ!" आळीपाळीनं पाहुण्यांनीही बघितलं. कोणालाच काही दिसलं नाही, पण सगळे "वा वा" म्हणाले. मोठ्या माणसांना हे बरं जमतं.

बाळूमामांनी हातातल्या काचपट्टीकडे बघितलं. ती अजून मायक्रोस्कोपखाली ठेवलीच नव्हती.

"सर," मामा हळूच म्हणाले, "तुमची पापणी हाय ती. डोळा मिचकावू नका, मंग ती बी शांत बसंल."

* * *

सरांना पेपरात फोटो हवा होता. पेठच्या बाजूला एका पाड्यावर सोमाबाबांची जोडी होती, तिच्यातला एक बैल घोरायचा. पाड्याच्या तळ्यात सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात जाळी घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, "सर, गमबूट घाला. ही पिल्लं माणसाच्या कातडीत पण घुसतात. पुढं जगत नाहीत, पण खाज लय देतात."

"चाळीस वर्षं पाण्यात उभा राहतोय मी!" सर म्हणाले. कुठल्या पाण्यात, ते नाही सांगितलं.

फोटो झकास आला. तिसऱ्या दिवशी सरांचं 'पाण्यातील परजीवी आणि आपली सुरक्षितता' या विषयावर व्याख्यान होतं. पाऊण तास सर एका पायानं दुसरा पाय घासत बोलत होते. पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि त्यांनी पर्समधली खोबरेल तेलाची बाटली स्टेजवर नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून सर पाड्यावर गेले तरी जीपमधून खाली उतरले नाहीत. हसू नका. इथंच माझी पीएचडी बुडाली.

* * *

औषध द्यायच्या दिवशी सर जीपच्या खिडकीतून बोलले. पुडी सोमाबाबांच्या हातात दिली. "वजनाप्रमाणे मोजलेली आहे. घोरणाऱ्या बैलाला द्या."

मी म्हटलं, "सर, मी थांबतो. माझ्यासमोर देऊ देत."

"तुला माणसांवर विश्वास नाही का? चल, बस गाडीत."

दोन महिन्यांनी मी त्या बैलाचा शेंबूड तपासला. अंडी जिवंत! सर खुर्चीतून उठलेच. "लागू पडलं नाही! कृमीनं औषध पचवलं! अरे, हा आपला शोध आहे!" आणि पेढे वाटले. गुराला औषध लागू पडलं नाही म्हणून पेढे वाटणारी लॅब जगात आमचीच असेल.

बाळूमामांनी पेढा घेतला आणि विचारलं, "मंग बैलाचं काय?"

तो विषय पेढ्यात नव्हता.

मी विचारलं, "सर, पुडी पूर्ण बैलाच्या पोटात गेली, हे कोणी बघितलं?"

"तुझा गाईड मी आहे की बैल?"

बैल असता तर बरं झालं असतं. पण हे मी तेव्हा बोललो नाही. माझी तीन वर्षं त्या एका पुडीवर उभी होती. ती खरी, तर मी डॉक्टर. ती खोटी, तर पुन्हा गोगलगायींपासून सुरुवात.

* * *

शोध लागला म्हटल्यावर सत्कार आलाच. सरांनी स्वतःचा करवून घेतला, आणि शेतकरीही दिसावा म्हणून सोमाबाबांना बोलावलं. नारळ दिला, अंगावर लाल शाल घातली. "शेतकरी हाच खरा शास्त्रज्ञ!" सर माइकवरून म्हणाले.

सोमाबाबांनी शाल उलगडून लांबी बघितली, रुंदी बघितली. मग शेजारी बसलेल्या मला विचारलं, "एकच हाय का?"

"एकच, बाबा."

"बरं," म्हणाले. "मोठी हाय. भागंल."

मला वाटलं, थंडीचं म्हणतायत.

* * *

आणि मग बाहेरच्या विद्यापीठातून मॅडम आल्या. प्रोजेक्ट पुढं चालू ठेवायचा की नाही आणि माझा प्रबंध पुढं सरकवायचा की नाही, हे त्या ठरवणार होत्या. सर त्यांना पाड्यावर घेऊन गेले. तो औषधाला न जुमानणारा बैल दाखवायला! मॅडमनी पिशवीतून स्वतःचे गमबूट काढले, घातले आणि सरळ गोठ्याकडे निघाल्या. मी मागोमाग. सर जीपमध्येच. "तुम्ही बघा, मी इथून समजावतो!"

गोठ्यात दोन बैल. दोघांच्या पाठीवर लाल शाल. निम्मी ह्याच्या, निम्मी त्याच्या. कापलेली कड नीट दुमडून शिवलेली.

मॅडमना हसू आलं. "बाबा, एवढी चांगली शाल कापली का?"

"जोडी हाय ना, बाई. एकाला देल्लं आन दुसऱ्याला नाय, तर दुसरा रुसतो. जूच घेत नाय मानंवर."

"म्हणजे काहीही आलं की दोघांना सारखं?"

"काय बी येवो. पेंड, गूळ, सगळं निम्मं-निम्मं. माझ्या बापापासून हाय आमच्यात."

जीपमधून सरांचा आवाज आला, "मॅडम, उजवीकडचा बघा! उजवीकडचा!"

मॅडमनी हसणं थांबवलं. वही उघडली. एकदा माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

"आणि बाबा, सरांनी दिली होती ती पुडी?"

मला खोकता आलं असतं. बाबांना डोळ्यानं खूण करता आली असती. मी दाव्याची गाठ बघत उभा राहिलो.

सोमाबाबांची छाती फुगली.

"ती तर मी तागडीत तोलली, बाई! नागलीच्या पिठात दोन गोळे केले. एका दाण्याचा फरक नाय!"

जीपची काच हळूहळू वर जायला लागली.