हुंकार मागणारं ॲप

मटार सोलता सोलता मी मोबाइलवर गोष्ट ऐकत होतो आणि मधूनमधून "हं" म्हणत होतो. आतून बायकोने विचारलं, "अहो, हुंकार कुणाला देताय?"

सवय, दुसरं काय! ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणाऱ्याने थांबायचं, हा आमच्या घरचा दंडक. लेक लहान असताना दुपारी मी तिला आळशी वाघाची गोष्ट सांगायचो. तिचा "हं" पेंगुळला, की विचारायचो, "ऐकतेयस ना?" डोळे मिटूनच ती म्हणायची, "ऐकतेय. वाघ नदीवर गेला." वाघ केव्हाच घरी परतलेला असायचा.

आता ती नोकरीसाठी बंगळुरूला असते. पॉडकास्टची तीन ॲप्स तिनेच मला मोबाइलमध्ये घालून दिली. म्हणाली, "आवडेल ते ठेव." पहिलं ॲप बोलण्यातल्या शांत जागाच कापून टाकतं. दुसरं, मी घोरत असलो तरी भिंतींना गोष्टी सांगत बसतं. तिसरं मात्र थोड्या वेळाने थांबतं आणि पडद्यावर विचारतं, 'अजून ऐकताय का?'

मी तेच ठेवलं.

"बाबा, ते सारखं विचारणं बंद करता येतं," लेक फोनवर म्हणाली.

"राहू दे गं," म्हणत मी त्या ॲपचं कौतुक सांगत सुटलो. पलीकडे नुसती कीबोर्डची टकटक. मी थांबलो.

"ऐकतेयस ना?"

टकटक थांबली. "ऐकतेय, बाबा. वाघ नदीवर गेला."

या वेळी वाघाला घरी आणायची मला मुळीच घाई नव्हती.