न वाचायच्या चिठ्ठ्या

आमच्या शाळेत मार्च महिना म्हणजे नुसता वैताग. पोर्शन संपलेला नसतो, परीक्षा डोक्यावर असते आणि नेमका त्यातच आमच्या संतांचा सण येतो. शाळेला ज्यांचं नाव आहे ते हे संत, येशूला लहानाचं मोठं करणारे सुतारबाबा. सणाआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोज सकाळी परिपाठाला त्यांची प्रार्थना. साऱ्या शाळेत कॅथलिक मुलं दोन बाकांवर मावतील एवढी. बाकीचे आम्ही, शिक्षकांसकट, घरून देवाला दिवा लावून येणारे. तरी या नऊ दिवसांत कुणी दांडी मारत नाही, ते पेटीमुळे.

लाकडी पेटी, वर फट, खाली कुलूप. संतांकडे जे मागायचं ते मुलांनी चिठ्ठीवर लिहायचं आणि त्यात टाकायचं. सणाच्या दिवशी मिस्सा, म्हणजे फादरांची मोठी प्रार्थना, झाली की मी त्या चिठ्ठ्या न उघडता घमेल्यात ओतते आणि सगळ्यांसमोर जाळते. किल्ली माझ्याकडे. अठरा वर्षांपूर्वी एका सिस्टरने हे काम माझ्या गळ्यात मारलं, ते काही निघालं नाही. पहिल्या दिवशी मी मुलांना सांगते, "यातली एकही चिठ्ठी कुणी वाचत नाही. मीसुद्धा नाही." दर वर्षी हेच सांगते आणि दर वर्षी पाळतेही.

यंदा नव्या मोठ्या सिस्टर आल्या. माणूस कामसू, पण प्रत्येक गोष्टीचा कार्यक्रम करायची भारी हौस. सणाच्या दोन दिवस आधी मला ऑफिसात बोलावून म्हणाल्या, "टीचर, पेटी में से पाँच अच्छी चिठ्ठियाँ निकालो. गेस्ट के सामने पढ़ेंगे."

मी म्हटलं, "सिस्टर, मुलांना शब्द दिलाय."

"तो नाम मत पढ़ो."

झालं, विषय संपला. मी चिडले, स्टाफरूममध्ये येऊन खुर्ची आपटली, सगळ्यांना ऐकू जाईल असं बडबडले. आणि मग शेवटच्या तासाला, स्टाफरूम रिकामी झाल्यावर, कुलूप उघडलं. खोटं कशाला बोलू? नाही म्हणता आलं असतं. अठरा वर्षं त्या चिठ्ठ्यांत काय असतं याची मला उत्सुकता होती, आणि आता वाचायला वरून परवानगी मिळाली होती.

सुरुवातीला हसून हसून माझी पुरेवाट झाली. सातवीला मी महिनाभर अर्जलेखन शिकवलं होतं, ते नको तिथे फळाला आलं होतं. 'प्रति, माननीय संत महोदय. विषय: गणिताचा पेपर सोपा येण्याबाबत.' खाली 'आपला आज्ञाधारक', रोल नंबर आणि तुकडी. संतांचा गोंधळ नको म्हणून एकाने आधार कार्डाचा नंबरही टाकला होता. कुणाला सायकल हवी होती, कुणाला भाऊ, कुणाच्या आईची बदली बाभुळगावहून यवतमाळला व्हायला हवी होती.

मग ती चिठ्ठी आली. अक्षर ओळखीचं. सहावीतली, ढाणकीकडची, आमच्या होस्टेलात राहणारी मुलगी. वर्गात गप्प, वह्या नीटनेटक्या, कधी कसली तक्रार नाही.

'मले इथं करमत नाही. पण बाबाले सांगू नको. त्याहीनं साऱ्या गावाले सांगतलं हाय का पोरगी कॉन्व्हेंटात शिकते. मले फक्त रडू नको येऊ देऊ.'

मी ती घडी करून परत पेटीत टाकली, अगदी तळाशी. हसणं तर केव्हाच थांबलं होतं. मला सिस्टरांचा राग आला, त्या बापाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. वाचलं नसतं तर मला काही करायचं नव्हतं. आता वाचलं होतं, आणि अकरा वर्षांची पोर एकटी रडते हे ठाऊक असून गप्प कसं बसायचं? बोलायचं तरी कोणत्या तोंडाने?

सणाच्या दिवशी मिस्सा झाली. मी काढून दिलेले पाच अर्ज माइकवर वाचले गेले. पाहुणे हसले, टाळ्या पडल्या. आधार कार्डवाला मुलगा कानापर्यंत लाल झाला. मुलांच्या रांगांमधून कुजबुज गेली, पेटी उघडली, पेटी उघडली. होस्टेलच्या रांगेत ती मुलगी माझ्याकडेच बघत होती. मी मान फिरवली आणि घमेल्याकडे गेले. आता जाळण्यात काही अर्थ नव्हता, तरी जाळलं.

जेवणाच्या वेळी तिचे वडील मला शोधत आले. पहाटेच्या बसने निघालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात लेकीसाठी जवसाच्या चटणीचा डबा. घरची कापूस-तुरीची शेती, माणूस हसऱ्या चेहऱ्याचा. "कशी हाय आमची पोरगी, टीचर? मी त साऱ्याइले सांगून राह्यलो, आता इंग्रजीत बोलते म्हणून."

मला राहवलं नाही. म्हटलं, "हुशार आहे हो. पण तिला इथे करमत नाही. घरची आठवण येऊन रडते."

त्यांचं हसू तिथल्या तिथे गेलं. त्यांनी लेकीला हाक मारली आणि पंगतीतल्या सगळ्यांसमोरच विचारलं, "काहून वं, घरी यायचं हाय काय तुले?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग बापाच्या शर्टाकडे. म्हणाली, "नाही बाबा. मले चांगलं वाटते इथं."

"मंग टीचर काय म्हणून राह्यल्या?"

"त्याइले कोणी तरी खोटं सांगतलं."

बापाला तेच ऐकायचं होतं. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डबा दिला आणि दुपारच्या बसला निघून गेला. मी ते प्रकरण तिथेच मिटवून स्टाफरूममध्ये जाऊ शकले असते. पण मला अजूनही वाटत होतं की मी तिचं भलंच करत होते. मी फाटकाजवळ तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "अगं, खरं का नाही सांगितलंस? बाबांनी नेलं असतं तुला."

ती डबा छातीशी धरून उभी होती. वर बघत नव्हती.

"म्या संताले सांगतलं होतं, टीचर. तुमाले नाही."

आणि तिला रडू आलं.