विथबाईंची शिकवणी

भिंतीपलीकडचं भांडण ऐकू नये म्हणतात, पण कानांना काही दार नसतं. शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंचे यजमान तावातावाने म्हणाले, "आय अ‍ॅम अँग्री ऑन यू." बाई म्हणाल्या, "ऑन नाही, विथ. हं, आता पुढे बोला." पुढचं सगळं बिचारे विसरलेच. तेव्हापासून आमच्या जिन्यात त्या विथबाई.

माझी शाळा चौथीत सुटली. माझी सून मात्र सिस्टर होण्यासाठी इंग्रजीतून तोंडी परीक्षा देणार होती. दोनदा नापास झालेली, ही शेवटची संधी. ती शिकवणीला बसली की मीही शेंगा सोलत तिथेच.

नियम-बियम काही नाही. बाई पलंगावर आडव्या होऊन पेशंट व्हायच्या आणि सुनेला फाडून खायच्या. "हात आहेत की लाकडं? जा, दुसरी पाठव." ती रडकुंडीला आली की विचारायच्या, "काय वाटलं?"

"राग आला."

"माझा? मग विथ. माझ्या बोलण्याचा? मग अबाउट. आणि मी का ओरडत होते?"

सून हळूच म्हणाली, "ऑपरेशनची भीती."

"मग अफ्रेड ऑफ. आधी माणूस ओळख गं, शब्द मागून येतो."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आपण 'राग आला' म्हणून मोकळे होतो. ही बाई रागाचं घर शोधून त्याची कडी वाजवत होती.

प्रत्येक मुलीला परीक्षेच्या फाटकापर्यंत पोचवायचं आणि तिची पिशवी धरून बाहेर बसायचं, हा त्यांचा नेम. सुनेच्या वेळी बाईंचं हृदय थकलेलं, डॉक्टरांनी जिना बंद केलेला. मी म्हटलं, "मी जाते की."

"तुम्ही शेंगा सोला, वहिनी," म्हणाल्या, आणि कठडा धरत उतरल्या. मीही मागोमाग.

फाटकाशी सून म्हणाली, "आय अ‍ॅम वरीड अबाउट यू, बाई."

"शब्द बरोबर, माणूस चुकला. आत बसलाय त्याच्याकडे बघ."

आत परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, पेशंट शिव्या देतो, काय करशील? सून म्हणाली, तो ऑपरेशनला घाबरलाय, मी त्याच्यावर रागावलेली नाही. सगळं इंग्रजीत, एकही अडखळ नाही. साहेबांनी तिथेच मान डोलावली.

चार दिवसांनी बाई गेल्या. पण परीक्षेच्या त्या दुपारी सून हसत बाहेर आली, तेव्हा त्यांनी निकाल विचारला नाही. मांडीवरची पिशवी तिच्या हातात दिली, बाटलीचं झाकण उघडून म्हणाल्या, "पाणी पी आधी."