काळजाचा करंट

"ईसीजीत करंट देतात," असं कुणी म्हटलं की आपा हातातलं काम थांबवायच्या. "देत नाही. तुमच्या काळजात आहे तोच कागदावर उतरवतो," हे सांगितल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. पनवेलच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात त्या ईसीजी काढायच्या. मी बाहेर काउंटरवर केसपेपर करायचे.

करंजा गावची एक म्हातारी टेबलावर चढेना. "मना शॉक बसंल, मी नाय झोपनार." आपांनी तिच्यासमोर स्वतःच्या हातापायांना क्लिपा लावल्या, ईसीजीची कागदी पट्टी काढून दाखवली. "हे माझं. मेले का मी?" म्हातारी हसली आणि मुकाट झोपली.

मग मोठ्या डॉक्टरांच्या परवानगीने एक विक्रेता चुंबकाचे पट्टे घेऊन बसू लागला. शरीराचं चुंबकीय क्षेत्र बिघडलं की हृदयरोग होतो, पट्टा ते दुरुस्त करतो, असं तो सांगायचा. पट्ट्यांचं खोकं माझ्या काउंटरवर असायचं; मागेल त्याला पट्टा मीच काढून द्यायचे.

गव्हाणच्या एका निवृत्त गुरुजींनी पट्टा बांधला आणि हृदयाच्या गोळ्या सोडल्या. पंधरा दिवसांनी छाती धरून आले. आपांनी काढलेली पट्टी बघून त्यांना तातडीने मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, म्हणून वाचले. ॲम्ब्युलन्स गेली आणि आपा त्यांचा पट्टा हातात घेऊन बाहेर आल्या.

"शरीराला चुंबकीय क्षेत्र असतं, हे खरं," त्या भरल्या हॉलमध्ये विक्रेत्याला म्हणाल्या. "काळजाचंही असतं. पण ते इतकं नाजूक की पृथ्वीचं त्याच्या लाखो पट मोठं. त्यात तुमचा चुंबक काय दुरुस्त करणार? गुरुजींना गोळ्या हव्या होत्या."

"आपा, तुम्ही टेक्निशियन आहात. आत जा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"नोकरी घ्या, डॉक्टरसाहेब. पण मी गप्प बसणार नाही."

दुसऱ्याच दिवशी त्यांना यायला मनाई झाली. डबा आणि दुपट्टा घ्यायला आल्या तेव्हा माझ्याजवळ थांबल्या. काल मी मान खाली घालून लिहीत राहिले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. "तुला घर चालवायचंय, जाणते मी," त्या हळू म्हणाल्या. "पण पट्टा देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत जा."

आता त्या स्वतःचं मशीन घेऊन घरोघरी जातात. गुरुजीही त्यांनाच बोलावतात.

आपा डबा घेऊन गेल्या त्याच दुपारी आपटा गावची एक बाई नवऱ्यासाठी पट्टा मागायला आली. मी तिच्याकडे बघितलं. "नको, ताई. त्यांच्या गोळ्या बंद करू नका," म्हटलं. मग खोकं उचललं आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "हे माझ्याकडून होणार नाही, सर." त्यांच्या डोळ्यांत बघत मी म्हणाले.