राजाबाईची माफी

राजाबाईच्या पोरीची चार बोटं प्रेसखाली गेली, तेव्हा राजाबाई साताऱ्याकडं भाचीच्या साखरपुड्यात पेढे वाटत होती. फोन आला. तिनं आधी पेढ्यांचं ताट नीट खाली ठेवलं, मग किंचाळली. ते ताट नीट ठेवल्याचंही तिला पुढं कितीतरी वर्षं टोचत राहिलं.

वाशीजवळच्या पावणे गावात एका कारखान्याच्या शेडमध्ये राजाबाई पॉवर प्रेसवर बसायची. कुलपांच्या पट्ट्या कापायच्या. पत्रा सरकवायचा, पायडल दाबायचं, की प्रेस धाडकन खाली. हात आत जाऊ नये म्हणून पुढं लोखंडी जाळी होती. पण जाळीनं काम रेंगाळायचं, आणि माल कमी पडला की शेठ सगळ्यांसमोर आईबहीण काढायचा. म्हणून बायका जाळी वर ओढून तारेनं बांधून टाकायच्या. साखरपुड्याला रजा मिळेना, तेव्हा राजाबाईनं उत्कर्षाला आपल्या जागी बसवलं. पोरीची बारावी नुकतीच झाली होती, नर्सिंगला जायचं तिनं मनात पक्कं केलं होतं. राजाबाईनं स्वतःच्या हातानं तिला तार बांधून दाखवली. "अशी बांध. न्हाईतर सांजपतूर निम्मा माल बी निघायचा न्हाई."

हॉस्पिटलात शेठचा माणूस आला. पोरगी कशी आहे हे त्यानं विचारलं नाही. जाळी कुणी बांधायला सांगितली, एवढंच त्याला हवं होतं. राजाबाईनं पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली. नवरा शेजारीच उभा होता. कॉटवरून उत्कर्षा म्हणाली, "मीच बांधली. मला कोणी सांगितलं नव्हतं." बोलताना ती आईकडं बघत होती. राजाबाईनं मान खाली घातली आणि घातलीच.

कोंडिबा, तिचा नवरा, वाशीच्या मार्केटात माथाडी. पाठीवर पोती वाहून वाहून त्याचं बोलणंही तसंच झालं होतं, आणून आदळल्यासारखं. घरी पाहुणे आले की तो हाक मारायचा, "ये गं, दाखव हात. बघा, आगाऊपणा केला की काय हुतं." उत्कर्षा ओढणीतून हात काढायची, दाखवायची, आत जायची. राजाबाई चहा गाळत राहायची.

एकदा कराडकडचं स्थळ आलं. मुलाच्या आईनं मुद्दाम उत्कर्षाच्या हातून चहा मागितला. कपबशी थरथरताना नीट बघून घेतली आणि म्हणाली, "हात गेला ते जाऊ द्या वो. पर कुणी न सांगता मशिनीशी खेळायचं, म्हंजी पोरगीच वाह्यात म्हणायची." आतल्या खोलीत राजाबाईनं पदर तोंडात कोंबला. बाहेर मात्र आली नाही.

राजाबाईची नोकरी सुटली, पुढं घरची सगळी कामोठ्याला राहायला आली. जवळच टॉवरचं काम चाललं होतं. जमिनीत खांब ठोकायच्या पायलिंगचा, प्रेससारखा दणका बसला की राजाबाई हातातलं टाकून कान झाकायची. घरातल्या विळ्या तिनं माळ्यावर टाकल्या. पोरगी एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसू लागली, तर ही दिवसभर फोन करायची. फोन उचलला नाही की धापा टाकत दवाखान्याच्या दारात हजर. सोमवार धरले, गुरुवार धरले. ज्यानं तार बांधून दाखवली त्या उजव्या हातानं जेवणं सोडलं. डाव्या हातानं भात चिवडत बसायची.

"कोणाला दाखवतेस हे?" उत्कर्षा एकदा म्हणाली आणि ताट घेऊन दुसरीकडं जाऊन बसली.

शेजारच्या सुनयनाताई नगरकडच्या ख्रिस्ती, हॉस्पिटलात आया. जिन्यात चक्कर येऊन बसलेल्या राजाबाईला त्यांनी घरात नेऊन पाणी पाजलं. काही विचारलं नाही. म्हणाल्या, "रविवारी आमच्याकडं प्रार्थना असते. नुसतं बसा येऊन."

पहिल्याच रविवारी तिथल्या एका म्हातारबाईनं राजाबाईकडून पोरीच्या हाताचं तेवढं काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "आईबापाचं पापच पोराबाळांवर येतं, बाई." राजाबाई चपला न घालताच घरी आली. तिला राग आला नव्हता. उलट, कुणीतरी अखेर खरं बोललं असं वाटलं. म्हणूनच ती पुन्हा गेली, आणखी ऐकायला.

त्या दिवशी पाळक अरविंद भालेराव आले होते. तळोज्याच्या कंपनीत शिफ्ट करून रविवारी उपासना घेणारा माणूस. राजाबाईनं त्यांना तारेपासून हॉस्पिटलापर्यंत सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. शेवटी म्हणाली, "आता तुमी सांगाल ती शिक्षा."

भालेरावांनी हातातलं पवित्र शास्त्र मिटलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही माफी मागायला आलात का शिक्षा मागायला?"

राजाबाई पदराची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

"शिक्षा प्रभू येशूनं वधस्तंभावर भोगून टाकलीय. तुमचीसुद्धा. तुम्ही ती परत भोगत बसलात, तर त्याचं मरण फुकट गेलं म्हणायचं. उपाशी राहून त्यात काही भर पडत नाही."

हे तिला त्या दिवशी उमगलं नाही. पण रविवारमागून रविवार ती ऐकत राहिली, घरी ओटा आवरताना मोडक्यातोडक्या शब्दांत येशूशी बोलत राहिली. आणि एका सकाळी, पायलिंगचे दणके चालू असताना, आपण पीठ मळतोय आणि हात थांबलेले नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं. त्या दुपारी ती उजव्या हातानं जेवली. दवाखान्यात फोन करायचा राहून गेला.

कोंडिबाला कुणकुण लागली तेव्हा त्यानं तिला जिन्यावर आणून बडवलं. "धरम सोडतीस व्हय?" सगळ्या मजल्यानं दारं किलकिली करून बघितलं. मारही तिनं सोसला. जे खरं लागलं ते पोरीचं बोलणं.

संध्याकाळी राजाबाई उत्कर्षाशेजारी बसली. चेहरा सुजलेला, पण आवाज शांत. "पोरी, माझ्या जिवाला लई वर्सांनी थंडावा मिळालाय. देवानं मला माफ केलं."

उत्कर्षा मोबाईल बघत होती. तो तिनं बाजूला ठेवला. "देवानं माफ केलं? मला विचारलं का त्यानं?"

राजाबाईनं तिच्या हाताकडं बघितलं.

"बोटं माझी गेली, आई. नर्सिंग माझं गेलं. आणि वाह्यात पण मीच. त्या दिवशी मी तुझ्यासाठी खोटं बोलले. मला वाटलं, घरी गेल्यावर तरी तू पप्पांना सांगशील. रोज वाट बघितली. तू काय केलंस? डाव्या हातानं जेवलीस. रडलीस की मीच तुला पाणी द्यायचं, तुझंच टेन्शन घ्यायचं. मला कधी रडू दिलंस?"

पूर्वी असलं एक वाक्य आलं असतं, तर राजाबाईनं भिंतीवर डोकं आपटलं असतं आणि पोरीला बोलणं थांबवावं लागलं असतं. आज तिनं ऐकलं. उत्कर्षा बोलत गेली, ओरडली, शिव्या दिल्या, नाक लाल होईस्तोवर रडली. राजाबाई एकदाही "मला मरण का येत न्हाई" म्हणाली नाही. पोरीचं संपल्यावर उठली आणि गॅलरीत तंबाखू मळत उभ्या कोंडिबासमोर गेली.

"तार मी बांधाय शिकवली व्हती. पोर माझ्यापायी खोटं बोलली. आगाऊ ती न्हवती, मी व्हते."

कोंडिबानं तिच्या कानाखाली ओढली. मग त्यानं फोन काढला आणि गावाकडं भाऊबंदांना आणि सासरवाडीला एकेकाला लावून सांगत सुटला, बायकोनं पोरीचा हात कसा घालवला ते. राजाबाई शेजारी उभी राहिली आणि ज्यानं विचारलं त्याला म्हणाली, "व्हय, खरं हाय." तेव्हापासून माहेरचा उंबरा तिला बंद झाला. भाचीनं बाळाच्या बारशाला बोलावलं नाही. कोंडिबा मार्केटातल्या खोलीवर राहू लागला; पोरीची माफी मागणं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

उत्कर्षाचं मनही वितळलं नाही. पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम मिळालं तशी ती बॅग भरून निघाली. दारात राजाबाईनं विचारलं, "मला माफ करशील का गं, कवातरी?"

"माहीत नाही," उत्कर्षा म्हणाली. "खोटं नाही बोलणार आता."

"नगंच बोलू."

राजाबाई आता सुनयनाताईंच्या ओळखीनं एका म्हातारीची शुश्रूषा करते. म्हातारी ताट फेकते, ही उचलते. रविवारी प्रार्थनेत पोरीचं नाव घेते. तिनं आपल्याला माफ करावं असं मात्र ती मागत नाही, तो पोरीचा हक्क आहे असं म्हणते. पुण्याहून कधी फोन येतो, महिना महिना येतही नाही. राजाबाई वाट बघते. दिवा मालवून कूस बदलते, आणि तिला झोप लागते.